धाकट्याच्या भट्टीवर

उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस पुण्याला जाऊन आले. परत आल्यावर शेजारणींनी, शाळेतल्या बाईंनी ठरलेला प्रश्न विचारला, "काय काय पाहिलं मग?" मी सांगितलं, शनिवारवाडा पाहिला, पर्वती चढले, दगडूशेठच्या गणपतीला नारळ ठेवला, आणि तुळशीबागेत कानातल्यांच्या एका जोडासाठी अर्धा तास घासाघीस केली. हे सगळं खरंच आहे. पण ज्यासाठी मी मुळात गेले होते, त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. ते इथे लिहिते आहे. आमच्या गल्लीत हा अंक माझ्याकडे येतो आणि माझा वाचून झाला की चार घरी फिरतो. तेव्हा आता कळायचं ते कळेलच!

मी गेले होते माझा धाकटा भाऊ बियर बनवतो ती जागा पाहायला.

भाऊ अमरावतीला मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाला. पुण्याला एका डेअरीत चार वर्षं नोकरी केली, दह्या-ताकाची परीक्षा करायचा. बाबा पारावर अभिमानाने सांगायचे, "पुण्याचं दूध आमचा पोरगा तपासते." दोन वर्षांपूर्वी त्यानं ती नोकरी सोडली आणि बियर बनवणाऱ्या एका लहानशा जागी लागला. कारखाना म्हणावा तर ते हॉटेल, आणि हॉटेल म्हणावं तर काचेपलीकडे मोठमोठ्या टाक्या. तिथेच बनते, तिथेच पितात. हे आम्हाला त्याच्या तोंडून कळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. कळलं ते तिसऱ्याकडून, अमरावतीच्या एका लग्नात. त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. फोन वाजला की आई उचलते आणि बाबा ओसरीवर पेपर उघडून बसतात. सकाळीच वाचून झालेला असला तरी.

माझं सासर आणि माहेर एकाच गावात, चार गल्ल्या सोडून. त्यामुळे दोन्हीकडचं सगळं मला रोजच्या रोज कळतं. सुटी लागली तशी आई एक दिवस दळण घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "तू एकडाव जाऊन पाहून ये माय. तो काय करते, कोनात बसते. मले खरंखरं सांगजो. तुह्या बाबाले मी पाहून घेईन."

वलगाव ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आमचं गाव येतं. गावाला पेढी नदी आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असताना, याच पेढीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. आमच्या गावाची ओळख म्हणजे ती. बाबांच्या घरची कहाणी आम्हा वऱ्हाडातल्या मुलांना शाळेआधी घरात समजते. वडील झिंगराजी दारूपायी खंगले, घरदार गेलं, ते गेले, आणि लहानग्या डेबूला आईबरोबर मामाच्या घरी दापुऱ्याला जावं लागलं. पुढे स्वतःच्या पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता त्यांनी पंगतीला गोडाचं जेवण वाढलं, तेव्हा भाऊबंद किती चिडले असतील याची कल्पना आपल्याला करता येते. आपण नुसता हुंडा नको म्हटलं तरी किती चिडतात!

माझे बाबा दर २० डिसेंबरला पहाटे खराटा घेऊन पुलाकडे जातात. लहानपणी आम्ही दोघंही त्यांच्यामागे जायचो, मी आणि धाकटा. धाकट्याचा खराटा त्याच्याहून उंच होता.

आणि नुसतं ऐकीव नाही. माझा सख्खा मामा दारूनंच गेला. मामीनं तीन लेकरं दुसऱ्याच्या शेतात निंदून वाढवली. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. सातवीत एक मुलगी आहे, ती सोमवारी हटकून डबा आणत नाही, कारण बापाचा आठवडा शनिवारी मिळतो आणि रविवारी संपतो. दारू म्हटलं की माझ्या नाकाशी एकच वास येतो, मामाच्या सदऱ्याचा. तेव्हा मी पुण्याला काही मोकळ्या मनानं निघाले होते असं नाही. आमचे 'हे' गाडीत बसवून देताना म्हणाले, "जा खुशाल, पण येताना बाटली आणू नकोस म्हणजे झालं." मी नुसतंच त्यांच्याकडे पाहिलं.

बडनेऱ्याला दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेस धरली आणि पहाटे पुण्याला उतरले. बरोबर ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, आणि भावजयीसाठी कुरडया. भाऊ स्टेशनवर आला होता. वाळला होता जरा. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यानं मला नेलं. म्हणाला, "ताई, संध्याकाळी लोक येतात, तेव्हाही ये. पण आधी सकाळी ये. पिणारे नंतर पाहा, आधी स्वैपाक पाहा."

स्वैपाक हाच शब्द त्यानं वापरला, आणि आत पाऊल टाकल्यावर मला तो पटला. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशी ओली, आणि वास? मैत्रिणींनो, तो वास मामाच्या सदऱ्याचा नव्हता. तो होता भाजलेल्या गव्हाचा आणि लापशीचा. मी दाराशीच थबकले.

कोपऱ्यात पोती होती. त्यातलं मूठभर धान्य त्यानं माझ्या हातावर ठेवलं. जव, म्हणजे बार्ली. म्हणाला, "खाऊन पाहा." कुरकुरीत, किंचित गोड. "हे भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि भाजतात. याला म्हणतात माल्ट." मी म्हटलं, अरे, हे तर आपलं सत्त्व! पहिल्या बाळंतपणात आईनं मला नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, खमंग भाजून सत्त्व करून दिलं होतं. तस्संच. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला सोपं जातं, म्हणून लेकराला ते पचतं. या लोकांना ती साखर यीस्टला खाऊ घालायची असते, एवढाच फरक.

मग तो माल्ट भरडून साधारण पासष्ट अंश गरम पाण्यात तासभर भिजत ठेवतात. फार तापलं तर बिघडतं, कमी तापलं तर साखर सुटत नाही. तासाभरानं वरचं पाणी गाळून घेतात. ते पाणी त्यानं मला वाटीत दिलं. "याच्यात काही नाही ताई, अजून दारू झालेली नाही. पी." काकवीत पाणी घातल्यासारखी गोड चव होती. चोथा उरतो तो पोत्यात भरून गोठ्यांवर जातो, गाई आवडीनं खातात. हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं.

नंतर ते गोड पाणी तासभर खळाखळा उकळतात आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात. फुलं वाळवून, दाबून हिरव्या गोळ्या केलेल्या असतात, म्हशीच्या सुग्रासच्या गोळ्यांसारख्या दिसतात. एक गोळी मी जिभेला लावली. अहाहा! कारलं, कडुनिंब आणि वर संत्र्याची साल. बियरचा कडूपणा या फुलांचा. त्याशिवाय ती टिकायलाही मदत होते. ही फुलं बहुतेक जर्मनी-अमेरिकेतून येतात. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्यांची लागवड झालेली आहे, पण विदर्भात कपाशी सोडून ही वेल लावा असं सांगायला मी जाणार नाही. आमच्या शेतकऱ्याला प्रयोग पुरे झाले.

उकळलेलं पाणी झटकन गार करून टाकीत सोडायचं आणि यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, त्यातून दारू आणि वायू तयार होतो. एक जात साधारण वीस अंशांवर आठवड्याभरात काम करते, दुसरी थंडीत राहते आणि कितीतरी आठवडे घेते. टाकीच्या नळीतून एका बादलीत बुडबुडे येत होते. मला कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाची आठवण झाली. तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, तिसऱ्या दिवशी पातेल्यावरचं झाकण उघडलं की जो आंबूस वास येतो, तोच! आणि महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची आंबील? ज्वारीचं पीठ आंबवल्याशिवाय ती आंबील कुठली? आपण आंबवतो आणि वेळीच थांबतो. हे थांबत नाहीत.

पण त्या सकाळी मला सगळ्यात जास्त काय दिसलं म्हणाल तर भांडी घासणं. टाकी रिकामी झाली की धुवायची, भरायच्या आधी पुन्हा धुवायची, नळ्या धुवायच्या, झाकणं उकळत्या पाण्यातून काढायची, फरशी धुवायची. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू नये म्हणून आपण जेवढं जपतो, त्याच्या दहापट. एक चुकार जंतू शिरला की हजार लिटर मोरीत. धाकटा गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून टाकीच्या तोंडात अर्धा आत शिरला होता. मोठा ब्रश घेऊन घासत होता आणि आतून ओरडून मला समजावत होता. "ताई, या कामात बनवणं थोडं आणि घासणं जास्त. सगळेच सांगतात." घरी असताना याच मुलानं स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं.

दुपारी भावजयीनं केलेली आमटी जेवता जेवता मी त्याला विचारलं, हे खूळ आलं कुठून? बियर तर पूर्वीपासून मिळते.

पूर्वीपासून मिळते हे खरं. १८५० च्या सुमाराला एडवर्ड डायर नावाच्या साहेबानं कसौलीला गोऱ्या सोल्जरांसाठी कारखाना काढला, तिथून ती देशात रुजली. पण ती बाटलीतली. महिनोन् महिने टिकावी म्हणून तापवून निर्जंतुक केलेली आणि दुकानोदुकानी एकाच चवीची. हातानं थोडी थोडी करून तिथेच ताजी विकायची, ही टूम आपल्याकडे अलीकडची. महाराष्ट्रात ती पुण्यातूनच निघाली. २००९ साली इथे 'डूलाली' सुरू झाली, जर्मनीहून ऑलिव्हर शाउफ नावाचा जाणता कारागीर आला. नावाची गंमत ऐका. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांची छावणी होती. मायदेशी जायची बोट मिळेपर्यंत सोल्जर तिथे महिनेच्या महिने खितपत पडत आणि त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणू लागले. आपली देवळाली साहेबाच्या शब्दकोशात गेली, ती अशी!

मग 'इंडिपेंडन्स' आली, 'एफिंगट' आली, 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' आली. 'मूनशाइन' नावाची मंडळी तर मध आंबवून पेय करू लागली. भाऊ म्हणाला, यातले बरेचसे लोक एकमेकांना ओळखतात. एखाद्याचं यीस्ट बिघडलं तर दुसऱ्याकडून मागून आणतात. मी म्हटलं, म्हणजे विरजण! तो हसला, "अगदी. दही लागलं नाही की आई काकूंकडे वाटी पाठवते ना, तसंच." धंद्यात एकमेकांचे गळे कापण्याच्या या दिवसांत हे मला नवलाचं वाटलं.

त्यानं आणखी एक सांगितलं ते मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्या शाळेच्या पुस्तकांत ते नसतं. हे मूळचं बायकांचं काम. सुमेर देशात बियरची देवी होती, निंकासी, आणि तिचं स्तोत्र जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीचं सापडलं आहे. इंग्लंडात खेड्यापाड्यांतल्या बायका पावाबरोबर घरची बियरही करत आणि उरलेली विकत. पुढे त्यात पैसा दिसू लागला, परवाने आले, संघ आले, आणि बायका हळूहळू बाजूला पडल्या. झारखंड-ओडिशात तांदळाची हंडिया आजही बायकाच करतात आणि बाजारात विकायलाही बसतात. मी म्हटलं, दुसरीकडे कशाला जायचं? कॉलेजातून चिखलदऱ्याला गेलो होतो, तेव्हा मेळघाटातल्या एका कोरकू पाड्यावर पहाटे मोहाची फुलं वेचणाऱ्या म्हाताऱ्या पाहिल्या होत्या. झाडाखालची जमीन आधी लख्ख झाडलेली, फूल मातीत पडू नये म्हणून. घरची मोहाची आधी देवाला वाहायची आणि मग माणसांनी घ्यायची. आमचे सर तेव्हा आम्हाला घाईघाईनं पुढे घेऊन गेले होते.

आता संध्याकाळचं.

भावजय आणि मी सातच्या सुमाराला गेलो. मला वाटलं होतं अंधार असेल, लाल दिवे असतील, आणि बायका असल्याच तर सिनेमातल्यासारख्या असतील. तिथे लख्ख उजेड होता. भिंतीवर काळा फळा, आमच्या वर्गातल्यासारखा, आणि त्यावर खडूनं लिहिलेली आजची नावं. अमुक गव्हाची, तमुक भाजलेल्या जवाची काळी, एक कोकमाची. आंब्याचा हंगाम होता म्हणून एक आंब्याची. टाकी संपली की नाव पुसायचं. पुन्हा होईल तेव्हा होईल, आणि झाली तरी अगदी तशीच होईल असं नाही. लोकांना म्हणे याचंच आकर्षण आहे.

शेजारच्या टेबलावर माझ्या आईच्या वयाच्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारी नव्हे, पण चांगली इरकली साडी, कपाळाला टिकली. बरोबर मुलगा, सून आणि व्याही. मी टक लावून पाहत होते हे त्यांच्या लक्षात आलं असावं. हसून म्हणाल्या, "पहिल्यांदाच आलात का?" मी म्हटलं, अमरावतीकडची आहे, भाऊ इथे कामाला आहे. कोण भाऊ ते कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अहो, त्यांची गव्हाची फार छान होते!" जशी एखादीची पुरणपोळी छान होते म्हणावं तसं. मग त्यांनी मला सांगितलं. चाळीस वर्षं नवरा मित्रांबरोबर बाहेर 'बसायला' जायचा आणि त्या घरी झाकून ठेवलेलं जेवण सांभाळत बसायच्या. नवरा गेला. आता महिन्यातून एकदा सून त्यांना इथे आणते. एक लहान पेला घेतात आणि दोन तास बोलत बसतात. "मला ते कडू पाणी काही फार आवडतं असं नाही. पण इथे मी बसलेली असते, वाट पाहत नसते."

हे ऐकून मला जरा वेळ काही सुचलं नाही.

बाकीच्यांनाही मी विचारलं. मास्तरकी अंगात आहे ना! एका संगणकवाल्या मुलीनं सांगितलं की इथे कुणी टकामका बघत नाही, म्हणून ती मैत्रिणींबरोबर येते. एकजण म्हणाला, कोण बनवतं ते माहीत आहे, चव बिघडली तर तोंडावर सांगता येतं, बाटलीवाल्याला कुठे सांगणार? एका घोळक्यात सापशिडी चालली होती, मोठी माणसं आणि सापशिडी! छोट्या छोट्या पेल्यांत चार-पाच चवी मांडून देतात. लोक एकमेकांना "ही बघ, ही बघ" करत चाखतात, हळदीकुंकवाला नव्या पदार्थाची चव घेतो तसं. भाऊ मधूनच बाहेर येऊन टेबलांशी उभा राहायचा, लोक त्याला नावानं हाक मारायचे. मी त्याला असा कधी पाहिलाच नव्हता.

त्यानं माझ्यासमोर गव्हाचा पेला ठेवला. आग्रह केला नाही. मी आधी वास घेतला. केळ्याचा! चांगल्या पिकल्या केळ्याचा आणि मागून लवंगेचा. यात केळं नाही की लवंग नाही, तो वास त्या यीस्टचाच. मग मी एक घोट घेतला. आता हे मी 'ह्यां'ना सांगितलं आहे, तेव्हा कुणी चहाडी करायचं कारण नाही. चव मला आवडली नाही. आंबट ताक बरं. पेला भावजयीकडे सरकवला आणि लिंबूसरबत मागवलं.

पण सगळं गोडगोड लिहून मी तुम्हाला फसवणार नाही. फळ्यावर एका पेल्याची किंमत वाचली. आमच्याकडे बाई दिवसभर वाकून निंदण करते, तिची मजुरीही तेवढी होत नाही. आणि दहाच्या पुढे कोपऱ्यातल्या एका टेबलाचा आवाज चढला. तिशीतला एक मुलगा उठताना खुर्ची घेऊनच पडला. त्याच्या बायकोनं कुणाकडेही न बघता त्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली. ती सवयीनं टाकली, हे कळत होतं. लख्ख उजेडातही ती मला मामीसारखी दिसली.

घरी येताना मी भावाला हेच विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, रोज एक तरी असा असतोच. आम्ही देणं थांबवतो, गाडी बोलावून देतो. पण तो त्याच्या घरी जाऊन काय करतो ते मला दिसत नाही." मी म्हटलं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्टच सांगितलंय, दारूचं निर्धोक असं प्रमाणच नाही, एक थेंबही नाही. "माहीत आहे. मी विज्ञानच शिकलोय ना." बियरमध्ये दारूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, आणि आपल्याकडच्या देशी दारूत चाळिसाच्या वर, हा फरक त्यानं सांगितला. फरक खराच आहे. पण मामाही सुरुवातीला थोडीच घ्यायचा, हे मी त्याला सांगितलं आणि त्यानं ते ऐकून घेतलं.

मग मी विचारलं, "उद्या वलगावात बायकांनी आडव्या बाटलीचं मतदान घेतलं तर तू कुठे उभा राहशील?" आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून जास्त बाई-मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दारूचं दुकान बंद होतं, हे तुम्हाला ठाऊकच असेल. आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर १९७५ पासून दारूबंदीच आहे, तिची आतून काय अवस्था आहे तो भाग वेगळा. तो चटकन म्हणाला, "आडव्या बाटलीकडे. त्या दुकानात चव कुणी पाहत नाही ताई, तिथे विसरायला जातात." मग जरा थांबून म्हणाला, "आणि मला डेअरीत परत जायचं नाही. तिथे मी तपासत होतो. इथे मी करतो."

दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडची. मला ती जुळवता आली नाहीत. अजूनही येत नाहीत.

निघताना त्यानं पिशवीत दोन किलो भाजलेला माल्ट बांधून दिला. "आईला म्हणावं दळून दुधात शिजव, सत्त्वासारखं. बाबांना दे." जाता जाता एक सांगते. असं जवाचं किंवा नाचणीचं सत्त्व मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत सकाळी दिलं तर पोटाला हलकं आणि आधार भरपूर. गुळाबरोबर चांगलं लागतं.

वलगावला आले त्याच संध्याकाळी माहेरी गेले. आई चुलीपुढे, आणि बाबा ओसरीवर पेपर उघडून. मी आईला सगळं सांगितलं, जरा मोठ्यानंच. पोत्यातले दाणे, गोड पाणी, कडू फुलं, इरकलीतल्या बाई, खुर्चीसकट पडलेला मुलगा, काही म्हणून गाळलं नाही. आई मध्येच डोळे पुसत होती आणि मध्येच हसत होती. पेपरचं पान काही उलटलं नाही. मी टाकी घासण्याचं सांगत होते, तेव्हा ओसरीवरून आवाज आला, "सोता घासते का गडी लावते?"

"स्वतः घासतो बाबा. आत शिरून."

पुढे काही नाही. आईनं दुसऱ्या दिवशी सत्त्व केलं. बाबांनी वाटी पाहिली, कुठून आलं ते विचारलं नाही आणि खाल्लं. आणखी घेतलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी तिथेच होते. धाकट्याचा फोन आला, आईनं उचलला, तब्येतीचं झालं, भावजयीचं झालं. आमच्याकडे त्या दिवशी पहिला पाऊस पडून गेला होता, ओसरीपुढे पाणी साचलं होतं. आई फोन ठेवायला निघाली, तेवढ्यात बाबा पेपराआडून म्हणाले, "तिकडं पानी आला का, इचार त्याले."

आईनं फोन तसाच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही. पण पेपर खाली ठेवला.